क्रेडिट कार्डाची तक्रार फेटाळली गेल्यावर

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, अशी मराठींत एक म्हण आहे. ज्या पिढ्यांनीं वाटणीचे आणि बांधाचे दावे आजोबांपासून नातवापर्यंत चाललेले पाहिले, त्यांच्या तोंडीं ती शोभत होती. परंतु अलीकडे शहरांतील सुशिक्षित कुटुंबांतून ही म्हण भलत्याच ठिकाणीं लावली जाते. क्रेडिट कार्डाच्या मासिक पत्रकावर न केलेली एकादी खरेदी दिसते. बँकेकडे तक्रार जाते. आणि कांहीं आठवड्यांनीं दोन ओळींचें उत्तर येतें कीं, तक्रार तपासण्यांत आली, व्यवहार वैध आढळला, सबब प्रकरण बंद करण्यांत येत आहे. घरांतील कर्ता माणूस तें वाचतो, एक सुस्कारा टाकतो, आणि 'गेले ते पैसे' म्हणून रक्कम भरून मोकळा होतो. ज्यानें वाण्याच्या यादींतील दहा रुपयांची चूक कधीं सोडली नाहीं, तोच गृहस्थ वीस-पंचवीस हजारांवर पाणी सोडतो. याचें कारण भित्रेपणा नव्हे, उधळेपणाही नव्हे. तो त्या दोन ओळींस निकाल समजतो. आणि येथेंच त्याची गल्लत होते.

बँकेचा नकार हा निकाल नव्हे. निकाल देणारा तिऱ्हाईत असावा लागतो. दोन्ही बाजूंचे पुरावे त्यानें पाहावे लागतात आणि आपलें मत कारणें देऊन लिहावें लागतें. येथें उत्तर देणारी बँक स्वतःच त्या व्यवहारांतील एक बाजू आहे, आणि तक्रार मान्य केल्यास पदरचे पैसे जाण्याचा संभव पुष्कळदां तिलाच असतो. तेव्हां तिचें पत्र म्हणजे प्रतिपक्षाचें म्हणणें होय. प्रतिपक्षाचें म्हणणें खरेंही असूं शकतें. पण तें तपासून पाहण्याआधींच मान तुकविण्याचें कारण नाहीं.

तें तपासावयाचें कसें, हें समजण्यासाठीं कार्डाच्या व्यवहाराची रचना थोडक्यांत ध्यानांत घेतली पाहिजे. एका खरेदींत चार जण गुंतलेले असतात: कार्डधारक, त्याला कार्ड देणारी बँक, माल विकणारा व्यापारी, आणि त्या व्यापाऱ्याची बँक. या दोन बँकांना जोडणारी पांचवी संस्था म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांसारखें जाळें. कार्डधारकानें तक्रार केली कीं त्याची बँक या जाळ्यामार्फत व्यापाऱ्याच्या बँकेकडून रक्कम परत मागते. यास चार्जबॅक म्हणतात. व्यापारी आपल्या बाजूचे कागद पाठवितो: पावती, माल पोंचल्याची सही, विक्रीच्या अटी. ते कागद कार्डधारकाच्या बँकेस पटले, म्हणजे ती तक्रार बंद करते. हें सारें त्या जाळ्याच्या खासगी नियमांनीं चालतें. तो देशाचा कायदा नव्हे. म्हणून चार्जबॅक हरला म्हणजे ग्राहकाचा कायदेशीर हक्क हरला, असें होत नाहीं. एवढी एक गोष्ट मनांत पक्की बसली, तर पुढचा मार्ग दिसूं लागतो.

तक्रारी कशा फसतात, याचें एक कल्पित उदाहरण घेतां येईल. समजा, ठाण्याच्या एका गृहिणीनें १८,५०० रुपयांचें शिलाईचें यंत्र मोबाइलवरून मागविलें. खोकें आलें, सही झाली, आणि उघडून पाहतां आंत जुनें, मोडकें यंत्र निघालें. व्यापारी फोन उचलीना. बँकेच्या तक्रार-अर्जांत अनेक कारणें छापलेलीं होतीं; त्यांपैकीं 'माल मिळाला नाहीं' या कारणापुढें तिनें खूण केली. तिच्या दृष्टीनें जें मागविलें तें मिळालेंच नव्हतें. व्यापाऱ्यानें सहीची पावती दाखविली आणि तक्रार फेटाळली गेली. बँकेचें उत्तर चुकलें काय? विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर बरोबर होतें. प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता. 'माल वर्णनाप्रमाणें नाहीं' हें निराळें कारण आहे आणि त्याचा पुरावाही निराळा: जाहिरातींतील वर्णन, आलेल्या यंत्राचीं छायाचित्रें, माल परत घेण्याविषयीं व्यापाऱ्याशीं झालेला पत्रव्यवहार. परीक्षेंत प्रश्न नीट न वाचतां सोडविलेलें गणित कितीही सुबक असलें तरी त्यास गुण मिळत नाहींत, तसाच हा प्रकार आहे. अशा वेळीं योग्य कारण व नवा पुरावा देऊन प्रकरण पुन्हां उघडण्याची मागणी करावी. मात्र येथें विलंब घातक ठरतो. व्हिसा व मास्टरकार्ड यांच्या नियमांत बहुतेक कारणांसाठीं ही मुदत सर्वसाधारणपणें १२० दिवसांची असते, आणि बँकेच्या उत्तरासाठीं ती थांबून राहत नाहीं.

यावरून फेटाळणीचें पत्र हातीं पडतांच पहिलें काम कोणतें, हें उघड होतें. तें म्हणजे नकाराचें कारण लेखी मागणें. रिझर्व्ह बँकेनें २१ एप्रिल २०२२ रोजीं कार्डांविषयीं जे निर्देश काढले, त्यांत असें घातलें कीं, ग्राहकानें बिलाविषयीं हरकत घेतल्यास बँकेनें तक्रारीच्या तारखेपासून जास्तींत जास्त ३० दिवसांत खुलासा करावा आणि जरूर तर कागदोपत्रीं पुरावा द्यावा. तेव्हां पुरावा मागणें म्हणजे बँकेची मेहेरबानी मागणें नव्हे. अर्जांत चार गोष्टी विचाराव्या. तक्रार कोणत्या कारणाखालीं पुढें पाठविली? व्यापाऱ्यानें कोणते कागद दिले, आणि त्यांच्या प्रती कोठें आहेत? व्यवहार वैध ठरविण्यास आधार कोणता? आणि हा नकार बँकेच्या अंतर्गत लोकपालानें पाहिला आहे काय? हें सारें पत्रानें किंवा ई-मेलनें विचारावें व तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा. फोनवर मिळालेलें गोड आश्वासन पुढें कोणासही दाखवितां येत नाहीं.

यांतील शेवटचा प्रश्न बहुतेकांस अपरिचित असतो. मोठ्या बँकांना एक अंतर्गत लोकपाल नेमावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या २९ डिसेंबर २०२३ च्या निर्देशांनीं असें ठरविलें कीं, जी तक्रार बँक पूर्णतः किंवा अंशतः फेटाळूं इच्छिते, ती अंतिम नकार कळविण्याआधीं तिनें आपण होऊन या लोकपालापुढें ठेवावी. ग्राहकास त्याच्याकडे थेट जातां येत नाहीं. पण आपलें प्रकरण तेथवर गेलें कीं नाहीं, हें विचारण्याचा अधिकार त्यास आहे. पुष्कळ वेळां आलेला नकार हा खालच्या पायरीवरील कारकुनी उत्तर असतो. मग बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यास, आणि त्याहून वर प्रधान नोडल अधिकाऱ्यास लिहावें. त्यांचीं नांवें व पत्ते बँकेनें प्रसिद्ध केलेले असतात.

आतां दुसऱ्या मोठ्या वर्गाकडे वळावें. यांत माल, व्यापारी, पावती कांहींच नसतें. कार्डाचीच चोरी झालेली असते. रात्रीं निजतांना मोबाइल शांत असतो आणि सकाळीं उठून पाहावें तों परगांवच्या दुकानांतील ४०,००० रुपयांच्या खरेदीचा निरोप आलेला असतो. अशा तक्रारीस बँकेचें ठराविक उत्तर येतें कीं, व्यवहार ओटीपीनें सिद्ध झालेला आहे. हें वाचून सामान्य माणूस गप्प बसतो. वास्तविक ओटीपी वापरला गेला एवढ्यावरून तो कार्डधारकानेंच वापरला, असें सिद्ध होत नाहीं. सिमकार्डाची दुसरी प्रत काढून, किंवा फोनमध्यें लबाडीनें एकादें ॲप घुसवूनही तो चोरला जातो. दरवाजा किल्लीनें उघडला गेला म्हणून तो घरमालकानेंच उघडला, असें कोणी म्हणत नाहीं.

या बाबतींत रिझर्व्ह बँकेचें ६ जुलै २०१७ चें परिपत्रक ग्राहकाचा मोठा आधार ठरलें. त्यानें तत्त्व असें घालून दिलें कीं, ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर राहील. बँकेच्याच हयगयीनें नुकसान झालें असेल, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. दोष बँकेचाही नाहीं आणि ग्राहकाचाही नाहीं, तिसऱ्याच कोणाचा आहे, असें असेल आणि ग्राहकानें निरोप मिळाल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत कळविलें असेल, तरीही जबाबदारी शून्य. ४ ते ७ दिवसांत कळविल्यास ५ लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डावर ती जास्तींत जास्त १०,००० रुपये आणि त्याहून मोठ्या मर्यादेच्या कार्डावर २५,००० रुपये ठरविली गेली. कळविल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत बँकेनें ती रक्कम तात्पुरती जमा करावी आणि ९० दिवसांत प्रकरणाचा निर्णय करावा, असेंही त्यांत होतें. असे नियम वेळोवेळीं सुधारले जातात. म्हणून व्यवहाराच्या दिवशीं कोणता नियम लागू होता, तें पाहून अर्जांत त्याचाच उल्लेख करावा. 'माझ्यावर अन्याय झाला' या वाक्यापेक्षां 'मी अमुक तारखेस, तिसऱ्या दिवसाच्या आंत कळविलें. माझा निष्काळजीपणा सिद्ध करणारा पुरावा बँकेनें दाखवावा' या वाक्यास अधिक वजन असतें.

ही वादाची गोष्ट चालू असतां घरांत एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो: बिल भरावें कीं न भरावें? रागाच्या भरांत सगळेंच बिल थांबविणें हा सर्वांत महाग मार्ग आहे. ज्या रकमेविषयीं वाद नाहीं, ती मुदतींत आणि पूर्ण भरावी. ज्या व्यवहारास ग्राहकानें चोरीचा म्हणून हरकत घेतली आहे, त्यावर वाद मिटेपर्यंत आकार लावूं नये, असें २०२२ च्या निर्देशांत होतें. परंतु तक्रार फेटाळल्यावर बँक ती रक्कम पुन्हां मागूं लागते, आणि मग व्याजाचें चक्र फिरूं लागतें. हें व्याज हलकें नसतें. २००८ सालीं राष्ट्रीय ग्राहक आयोगानें सालीना ३० टक्क्यांहून अधिक व्याज अनुचित ठरविलें होतें; २० डिसेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय रद्द केला. म्हणून ऐपत असल्यास वादाची रक्कमही भरून टाकावी, पण त्याच दिवशीं बँकेस लिहून कळवावें कीं, ही रक्कम हक्क राखून व निषेध नोंदवून भरली आहे. भरणा म्हणजे कबुली नव्हे, हें त्या एका वाक्यानें नोंदलें जातें आणि व्याजाचें तोंडही बंद होतें. ऐपत नसल्यास वाद चालू असल्याचें लेखी कळवून, थकबाकीची नोंद पतमाहिती संस्थेकडे पाठवूं नये, अशी मागणी करावी. तरीही चुकीची नोंद गेलीच, तर ती दुरुस्त करून घेतां येते. रिझर्व्ह बँकेनें २६ ऑक्टोबर २०२३ रोजीं असें ठरविलें कीं, अशी तक्रार ३० दिवसांत न मिटल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई द्यावी. घरासाठीं कर्ज काढूं पाहणाऱ्या मुलाच्या दृष्टीनें ही नोंद मूळ रकमेपेक्षांही महत्त्वाची ठरूं शकते.

बँकेच्या घरांतील पायऱ्या संपल्या कीं बाहेरची पहिली पायरी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाची. बँकांसाठीं ही व्यवस्था १९९५ सालीं सुरू झाली, आणि १२ नोव्हेंबर २०२१ रोजीं तीन निरनिराळ्या योजना एकत्र करून एकात्मिक लोकपाल योजना झाली. येथें फी नाहीं, वकील लागत नाहीं, आणि कोठें जावेंही लागत नाहीं. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर किंवा साध्या टपालानेंही करतां येते, आणि माहितीसाठीं १४४४८ हा क्रमांक आहे. अट मुख्यतः एकच: आधीं बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी, आणि बँकेनें ती फेटाळलेली तरी असावी किंवा ३० दिवसांत उत्तर तरी दिलेलें नसावें. पुष्कळ अर्ज या एका अटीवर परत येतात. कारण ग्राहकानें बँकेशीं केवळ फोनवरच भांडण केलेलें असतें. अर्जास मुदत असते, तेव्हां तो उद्यांवर ढकलूं नये. अर्ज एक-दोन पानांचाच असावा: तारीखवार हकीकत, मागणी केलेली रक्कम, आणि क्रमांक घातलेले कागद. संताप, विशेषणें आणि बँकेच्या नफ्यावरील टीका यांस तेथें जागा नाहीं.

दुसरी पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. २० जुलै २०२० पासून अंमलांत आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें एक मोठी सोय केली: ग्राहक जेथें राहतो किंवा नोकरी करतो, तेथील आयोगांत त्यास तक्रार करतां येते. बँकेचें कार्यालय मुंबईस आणि व्यापारी दिल्लीस असला, तरी सोलापूरच्या माणसास सोलापुरांतच दाद मागतां येते. दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास फी नाहीं. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची. शिलाई यंत्रासारख्या प्रकरणांत बँक व व्यापारी दोघांनाही एकाच तक्रारींत उभें करतां येतें, हा या पायरीचा विशेष. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य-केंद्राचा सल्ला मिळतो, आणि कित्येक व्यापारी तेवढ्यानेंच वळणावर येतात. एक मात्र जपावें: तेंच प्रकरण आयोगांत किंवा न्यायालयांत चालू असतांना लोकपाल तें हातीं घेत नाहीं. म्हणून आधीं लोकपाल आणि मग आयोग, हा क्रम सोयीचा.

इतक्या पायऱ्या चढून कांहीं हातीं लागतें काय, अशी शंका येणें स्वाभाविक आहे. तिला अलीकडचीं दोन प्रकरणें उत्तर देतात. दोन्ही कार्डाचीं नव्हेत, बँक-खात्यांचीं आहेत. पण दोहोंत तेंच २०१७ चें परिपत्रक आधारास होतें. मुंबईच्या एका कंपनीच्या खात्यांतून १ ऑक्टोबर २०२२ रोजीं सुमारें ७६ लाख ९० हजार रुपये चोरट्यांनीं काढून नेले. बँकेनें हात वर केले. लोकपालानेंही तक्रार फेटाळली. कंपनी उच्च न्यायालयांत गेली, आणि जून २०२४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें लोकपालाचा निर्णय बाजूस सारून रक्कम परत करण्याचा हुकूम केला. दुसरें प्रकरण आसामकडील एका साध्या खातेदाराचें. परत करावयाच्या मालाच्या निमित्तानें लबाडानें फोन केला, ॲप घ्यावयास लावलें, आणि ९४,२०४ रुपये ८० पैसे नेले. खातेदारानें चोवीस तासांच्या आंत बँकेस कळविलें होतें. गौहाटी उच्च न्यायालयानें त्याच्या बाजूनें निर्णय दिला आणि ३ जानेवारी २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो कायम ठेवला. दोन्ही प्रकरणांत ज्यांनीं पहिल्या नकारास निकाल मानलें नाहीं, त्यांचे पैसे परत आले.

याचा अर्थ प्रत्येक नकार अन्यायाचा असतो, असा मात्र नाहीं. घरांतील मुलानें खेळासाठीं केलेली खरेदी, विनामूल्य म्हणून घेतलेल्या आणि पुढें बंद करावयाच्या राहून गेलेल्या मासिक वर्गणीची रक्कम, विक्रीच्या वेळीं स्पष्ट सांगितलेली 'माल परत घेतला जाणार नाहीं' ही अट, या बाबतींत बँकेचें उत्तर बहुधा बरोबरच निघतें. ग्राहकानें स्वतःच ओटीपी परक्यास सांगितला असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचें नुकसान त्याच्याच माथीं बसतें, असें २०१७ च्या परिपत्रकांतही होतें. कळविल्यानंतरचें मात्र बँकेच्या माथीं. म्हणूनच फसवणूक ध्यानांत येतांच आधीं कार्ड बंद करावें, बँकेस कळवावें आणि १९३० या क्रमांकावर नोंद करावी. लाजून रात्र दवडूं नये. कागद समोर ठेवून घरांतील चार माणसांनीं शांतपणें वाचावेत, आणि चूक आपली दिसली तर तेथेंच थांबावें. नकाराचें कारण लेखी मागण्याचा लाभ अशा वेळींही होतोच. पैसे का गेले, हें तरी कळतें.

या सर्व खटपटीस लागणारें साहित्य कोणत्याही घरांत असतें: एक जाड फाइल, एक दिनदर्शिका, आणि तारीख घालून पत्र लिहिण्याची संवय. पत्रक आल्याच्या दिवशींच वाचणें, हरकत असल्यास त्याच आठवड्यांत लिहिणें, आलेलें प्रत्येक उत्तर तारखेसह लावून ठेवणें, आणि प्रत्येक मुदत संपण्याच्या आठ दिवस आधीं दिनदर्शिकेवर खूण करणें, एवढें केल्यास पुढच्या बहुतेक पायऱ्या सोप्या होतात. कोर्टाची पायरी न चढण्यांत शहाणपणा असेलही. पण पहिल्याच पायरीवर कोणी 'परत जा' म्हणाल्यास निदान 'कां?' एवढें लेखी विचारण्यांत त्याहून मोठा शहाणपणा आहे.